बाटली मी भरली होती

आमच्या जुन्या मोहल्ल्यात, गोळीबार चौकाच्या मागच्या गल्ल्यांत, माझ्या बायकोबद्दल एक गोष्ट अजून बोलली जाते. नवरी सजवायला तिला बोलावू नका, तिच्या हाताला गुण नाही. हे पहिल्यांदा बोलणाऱ्या बायकांतल्या बऱ्याच आता राहिल्या नाहीत. त्यांच्या सुना बोलतात, आणि त्या सुनांना मूळ प्रकार काय घडला तेही धड माहीत नाही.

गोष्ट खोटी आहे. ती खोटी आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आता मी काही जणांना तोंडानं सांगितलं आहे, पण तोंडचं सांगणं मनीषनगरातल्या आमच्या फ्लॅटपासून गोळीबार चौकापर्यंत पोचेस्तोवर त्याचं काय होईल याचा भरवसा नाही. म्हणून लिहायला घेतलं. एका जागी बसवत नाही. दोन ओळी झाल्या की उठतो, गॅलरीत जातो, खालच्या गाड्या बघतो, परत येतो. लिहिण्यात ते दिसेल.

आमचं घर विणकरांचं. वडिलांचा हातमाग समोरच्या खोलीत होता. वडील गेले, माग विकला, त्याच्याखालचा खड्डा बुजवून फरशी घातली, आणि मी इतवारीत एका कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढं ताके उलगडायला लागलो. रिकाम्या झालेल्या खोलीचं काय करायचं ते माझ्या बायकोनं ठरवलं. सीताबर्डीला एका बाईंच्या क्लासला जाऊन ती भुवया कोरणं, फेशियल, नवरीचा मेकअप शिकून आली. न्हाव्याकडची जुनी फिरती खुर्ची आणली, मोठा आरसा लावला, दाराला पडदा टांगला. आमच्या मोहल्ल्यातलं ते पहिलं पार्लर. आधी बायका हसल्या, मग त्याच पडद्याबाहेर बसून राहायला लागल्या. लग्नसराईत हिला घरी जेवायला फुरसत नसायची. हिनं सजवलेली नवरी तिच्या स्वतःसारखीच दिसायची, फक्त झोप पुरी झाल्यासारखी. त्या काळी नवऱ्या पांढऱ्याफटक करून बसवत. ही तसं करत नसे.

सामानाच्या बाबतीत तिचा एक नियम होता. कोणतीही बाटली, डबी, ट्यूब फोडली की तिच्या बुडाला नेलपॉलिशचा एक ठिपका लावायचा. दर सराईला ठिपक्याचा रंग वेगळा. तुळशीच्या लग्नानंतर फोडलेल्या सामानाला लाल असेल तर पुढच्या वर्षीच्या सामानाला गुलाबी. डोळ्याला लागणारं सगळं, काजळ, लायनर, मस्कारा, होळीच्या आत टाकून द्यायचं, उरलेलं असो नसो. चेहऱ्याचं सामान आखाडीपर्यंत, म्हणजे आषाढात सराई संपेपर्यंत, चालवायचं. आणि ठिपका कोणताही असो, उघडल्यावर जुन्या तेलासारखा वास आला की त्याच क्षणी बाहेर. "कधी बनवलं ते कंपनीले माहीत, कधी फोडलं ते मले माहीत," असं ती म्हणायची. हे तिला क्लासमध्ये कोणी शिकवलं नव्हतं. दुधादह्याच्या घरात वाढलेली होती, नाकावर विश्वास होता.

ती टाकायची, आणि मी उचलायचो.

इथं मला मागाबद्दल सांगावं लागेल, नाही तर मी हे का केलं ते कळणार नाही. मागावरचा उभा ताणा संपत आला की विणकर जुना ताणा पूर्ण काढून टाकत नाही. जुन्या धाग्यांची टोकं फणीत तशीच राहू देतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा, बोटाला राख लावून, जुन्या टोकाला पिळून जोडतात. त्याला सांधणी म्हणत. आमच्या घरी सांधणी माझी आई करायची, मीही तिच्या शेजारी बसून केली आहे. वडिलांच्या मागावरच्या त्या पहिल्या धाग्यांची टोकं कोणी जोडली होती हे वडिलांनाही माहीत नव्हतं. त्यानंतरचं प्रत्येक लुगडं त्या टोकांना जोडूनच निघालं. जुनं पुरतं काढून टाकणं म्हणजे मला आजही काहीतरी मोडल्यासारखं वाटतं.

तर ती भाजीला गेली की मी कचऱ्याच्या डब्यातली तिची बाटली काढायचो आणि तळाशी उरलेलं नव्या बाटलीत ओतायचो. फाउंडेशन, क्रीम, लायनर. घट्ट झालेलं असलं तर गुलाबपाण्याचे थेंब टाकायचो, की पातळही व्हायचं आणि वासही यायचा. मग बाटली हलवून जागच्या जागी. एकदा ती म्हणाली, "या वेळची बाटली चांगली पुरली वं माय," आणि मी पेपरामागं खुश झालो. मला खरंच वाटायचं की मी तिच्या धंद्याला हातभार लावतो आहे.

ज्या नवरीची गोष्ट मोहल्ला सांगतो ती आमच्याच गल्लीतली, आमच्या मांडीवर खेळलेली. मुलगा भिवापूरचा. हळदीच्या संध्याकाळी माझ्या बायकोनं तिला सजवलं, दुसऱ्या दिवशी सकाळी लग्नासाठी पुन्हा सजवलं. सकाळीच पोरगी म्हणाली होती, काकू, डोळे चुरचुरून राहिले. बायकोनं गार पाण्यात कापूस बुडवून ठेवला आणि म्हटलं, जागरण झालं असेल. मंगलाष्टकं सुरू झाली तोवर पोरीच्या पापण्या सुजल्या होत्या, काळं ओघळून गालावर आलं होतं आणि डोळे उघडत नव्हते. अंतरपाट खाली आला तेव्हा नवऱ्या मुलाची आत्या एकदम मोठ्यानं म्हणाली,

"बाप्पा! आमच्या भिवापूरले मिरची पिकते, पण आम्ही ती डोळ्यात नाही भरत. तुमच्या नागपूरले भरतात काय वं?"

सगळा मांडव हसला. नवऱ्याकडचे हसले ते समजलं, पण आमच्याकडचेही हसले. माझी बायको हातात ओला रुमाल घेऊन नवरीच्या मागं उभी होती.

घरी आल्यावर तिनं आपली पेटी उघडली. लायनरची बाटली काढली, उलटी केली, बुडाचा ठिपका बघितला. त्या सराईचा रंग होता. झाकण काढून वास घेतला. मी समोर बुटाची नाडी सोडत होतो. ती म्हणाली, "नवीच तं आहे. वासही चांगला आहे." मग काजळ बघितलं, मस्कारा बघितला. सगळे ठिपके बरोबर. सगळं बघून झाल्यावर पेटी बंद केली आणि आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघत राहिली.

माझी आई दारात बसली होती. तिनं हे पाहिलं आणि म्हणाली, "सामानाले काहून दोष देते वं? तुझ्या हातालेच गुण नाही, बाई."

त्या क्षणी मी बोलायला पाहिजे होतं. नाडी सोडायला लागतो तेवढाच वेळ लागला असता. मी दुसऱ्या बुटाची सोडायला घेतली.

काय कारण होतं ते मी फार वेळा शोधलं. भीती होती, हे खरं. पण आणखी एक होतं आणि ते लिहिल्याशिवाय हे लिहिणं पुरं होणार नाही. इतवारीच्या दुकानातले सोबती मला चिडवायचे. "काय गा, आज भुवया नाही कोरून आला?" कोणी गिऱ्हाईक बाई आली की, "यांच्याकडं द्या, हे पार्लरवाल्या बाईचे मिस्टर." मी हसण्यावारी न्यायचो, पण घरी येईपर्यंत ते अंगात राहायचं. नवरीच्या डोळ्यांनंतर ठरलेली कामं एकेक करून कमी झाली, पडदा निघाला, फिरती खुर्ची परत न्हाव्याकडं गेली, आणि मला हायसं वाटलं. वाईट वाटायला पाहिजे होतं. हायसं वाटलं.

तिला मात्र ते शब्द आत जाऊन बसले. ठिपका खोटं बोलणार नाही, नाक खोटं बोलणार नाही, मग उरला हात. तिच्या हिशेबात चूक नव्हती. तिला माहिती खोटी मिळाली होती. त्यानंतर तिनं कोणाच्या चेहऱ्याला बोट लावलं नाही. आमच्या मुलीच्या लग्नात मुलगी आरशासमोर बसून म्हणाली, आई, निदान काजळ तू घाल. ही म्हणाली, नको, शुभकार्य आहे, दुसऱ्या कोणाला घालू दे. मुलगी रडायला लागली. मी दाराशी होतो. मग मुलीला मुलगी झाली. बारशाला बाळाच्या गालाला काळी तीट लावायची होती, सगळ्यांनी आजीच्या हातात डबी दिली. हिनं ती शेजारणीच्या हातात दिली. तेव्हाही मी तिथं होतो. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता सांगितलं तर आधीचं न सांगणंही सांगावं लागेल. ते ओझं दर वेळी वाढायचं, आणि मी दर वेळी पुढं ढकलायचो.

ती नात लग्न होईपर्यंत आमच्याकडंच राहत होती. मिहानमध्ये तिची नोकरी आहे, मनीषनगर जवळ पडतं. मागच्या हिवाळ्यात तिचं लग्न ठरलं आणि एका रविवारी ती आपलं मेकअपचं सामान हॉलमध्ये पसरून बसली. अर्धं एका पिशवीत फेकत होती.

मी म्हटलं, "चांगल्या भरल्या बाटल्या आहेत गं. काहून फेकून राहिली?"

"आबाजी, एक्सपायर झाल्यात."

मी चष्मा लावून बाटली बघितली. "पुढच्या वर्षाची तारीख आहे हिच्यावर."

"ती नाही बघायची. हे बघा." तिनं बाटलीच्या मागं एक बारीक चित्र दाखवलं. झाकण उघडलेली डबी, आणि तिच्या पोटात महिन्यांचा आकडा. "फोडल्यापासून इतके महिने. हे मस्काराचं बघा, एकदम कमी. डोळ्याचं सगळ्यात लवकर जातं. पण मी कधी फोडलं तेच आठवत नाही, यार. म्हणून सगळंच फेकते."

आतून बायकोचा आवाज आला, "ठिपका लावत जा बुडाले."

"कसला ठिपका, आजी?"

आत नळ सुरू झाला. नातीनं माझ्याकडं बघितलं. मी त्या बारीक चित्राकडं बघत होतो. एवढ्या मोठ्या कंपन्यांनी शेवटी तेच छापलं होतं, जे ती नेलपॉलिशनं लिहायची. माझ्या हातातली बाटली खाली ठेवायला जागा सापडेना.

त्याच संध्याकाळी नात आजीच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आजी, मेकअपवाली मुलगी बुक केली आहे. पण डोळे तू करायचे. आई सांगते, तू करायची तशा नवऱ्या कोणी करत नव्हतं."

"माझा हात नको तुले."

"काहून पण?"

"नको म्हटलं न."

नात उठून बसली, आणि मला विचारलं, "आबाजी, काय भानगड आहे?"

"तिलेच विचार," मी म्हटलं आणि चपला घालून खाली उतरलो.

त्यानंतरचे दिवस मी फार चाललो. बेस्याच्या रस्त्यानं जायचो, फाटकाकडून वळायचो, दूध घ्यायला म्हणून निघून दूध न घेता परत यायचो. जिन्यात वाक्य जुळवायचो, दार उघडलं की विसरायचो. एकदा तर "अवं, ऐक" म्हणालो आणि ती "काय" म्हणून वळली, तर मी म्हटलं, गॅस संपत आला काय. लग्न जवळ येत होतं. हे लग्नही तसंच गेलं असतं, तिच्याजवळ कोणी डबी आणली असती आणि तिनं ती दुसरीच्या हातात दिली असती, तर मग सांगायला काही कारणच उरलं नसतं. तिला स्वतःचा हात वाईट आहे असं मानतच मरू द्यायचं, एवढंच उरलं असतं.

एका दुपारी बायको जेवणाच्या टेबलाशी पोपटीच्या शेंगा सोलत होती. नात ऑफिसला गेली होती. मी समोर बसलो, दोन शेंगा सोलल्या.

"अवं, ऐक."

"गॅस नाही संपला."

"त्या नवरीच्या डोळ्याचं सांगायचं होतं."

तिनं हातातली शेंग परातीत ठेवली. इतक्या वर्षांत हा विषय आमच्यात निघाला नव्हता, पण कोणती नवरी असं तिनं विचारलं नाही.

"लायनरच्या बाटलीत मी जुनं ओतलं होतं. तू फेकलेलं. तू ठिपका लावलेल्या नव्या बाटलीत."

"कोणतं जुनं?"

"आधीच्या सराईचं."

"आधीच्या, का त्याच्याही आधीच्या?"

दर वर्षी ओतत होतो, म्हणजे त्यात सगळ्याच वर्षांचं थोडं थोडं होतं.

"सांधणी केली काय?" ती म्हणाली. विणकराघरची सून होती, तिला फोड करून सांगावं लागलं नाही. "मंग मले वास कसा नाही आला?"

"गुलाबपाणी टाकलं होतं."

"डोळ्याच्या सामानात पाणी?" ती एकदम ओरडली. शेंगांची परात सरकली. "डोळ्याच्या सामानात पाणी टाकलं तुम्ही? अवो, पाण्यानंच तं सडते ते! आखीन कशाकशात टाकलं?"

"फाउंडेशन. क्रीम."

"काहून?"

"वाया जाऊ नये म्हणून."

तिनं परात जागेवर ओढली. मग म्हणाली, "मंग हात चांगला होता माझा."

"हाव."

"आणि तुम्हाले माहीत होतं."

"हाव."

"सासूबाई बोलल्या तेव्हाही."

"हाव."

"पोरीच्या लग्नातही."

हाव ऐकायला ती थांबली नाही. ती उठली, आत जाऊन दार लावून घेतलं. मी शेंगा सोलत राहिलो, कारण हातांना दुसरं काही सुचेना. ती बाहेर आली तेव्हा डोळे कोरडे होते. माझा फोन माझ्यासमोर ठेवला.

"पोरीले लावा. स्पीकरवर ठेवा. मी एक शब्द नाही बोलणार."

मुलीला मी सगळं सांगितलं. बायको पलीकडं बसून ऐकत होती, कुठं मी घाईनं पुढं गेलो की बोटानं टेबलावर टक् करायची, म्हणजे मी परत मागं जाऊन सांगायचं. माझं झाल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, मी त्या दिवशी आईले म्हटलं होतं की तुले मी आवडत नाही, म्हणून तू मले हात नाही लावून राहिली. तुम्ही तिथंच उभे होते."

"होतो."

"नंतर बोलते मी," आणि फोन बंद झाला. मुलगी माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. आईशी रोज बोलत होती.

मग भिवापूर. तेही बायकोनंच ठरवलं. "लग्नाची पत्रिका घेऊन जा. आणि आधी सांगजा, मंग पत्रिका द्या. नाही तं पत्रिका देऊन, चहा पिऊन वापस याल तुम्ही, मले माहीत आहे."

बसमधून उतरून घर विचारत गेलो. ती नवरी आता स्वतः सासू झालेली. अंगणात मिरची वाळत घातली होती, तिनं खुर्ची सावलीत ओढून दिली. "काका! इतक्या वर्षांनी रस्ता सापडला?" मी पाणी न पिता सांगून टाकलं. ऐकता ऐकता तिनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती.

"काका, माझे डोळे तिसऱ्या दिवशी बरे झाले. आणि तुम्हाले गंमत सांगू? माझ्या सासूले वाटलं, पोट्टी माहेरासाठी रडून रडून डोळे सुजवून आली. लय जीव आहे म्हणे हिले. मरेपर्यंत माझं कौतुक करत होत्या."

मीही हसलो असेन. मग ती हसायची थांबली.

"पण काकू मले पाहिलं की दार लावून घ्यायच्या. मी माहेरी आली, गल्लीत दिसली, की दार बंद. मले वाटे, माझ्यामुळं त्यांचं पार्लर गेलं म्हणून त्या माझ्यावर रागावून आहेत. मंग मी त्या बाजूनं जाणंच सोडलं." ती मिरचीवर बसलेली चिमणी हाकलायला उठली आणि पाठमोरी म्हणाली, "तुम्ही त्याच दिवशी मांडवात सांगितलं असतं, तं आम्ही एक दिवस हसलो असतो अन् विसरलो असतो."

घरी येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं. बायकोनं एकच भाग मला दोनदा सांगायला लावला, दाराचा. "रागावून नव्हती मी," ती म्हणाली. "भेत होती. पुन्हा तिले काही होईल म्हणून."

लग्नाला चार-पाच दिवस होते तेव्हा नातीनं नवीकोरी काजळाची कांडी आणून आजीसमोर ठेवली. सील न फोडलेली. बायकोनं ती उलटीपालटी करून बघितली, ते उघड्या डबीचं चित्र शोधून काढलं, सील स्वतः फोडलं. मग नातीचं डोकं मागं टेकवलं, खालची पापणी अंगठ्यानं किंचित ओढली. तिची बोटं बरोबर जागी गेली. कांडी पापणीला लागली आणि हात थरथरला. काळी रेघ डोळ्याखाली उतरून गालापर्यंत गेली.

"चालते आजी, याले स्मोकी म्हणतात," नात म्हणाली.

बायको हसली. तिनं ते पुसलं, पुन्हा हात लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिनं कोपर नातीच्या खांद्यावर टेकवून बघितलं. मग कांडीला टोपण घातलं. माझ्याकडं न बघता म्हणाली, "थोडं आधी बोलले असते तं."

एवढंच बोलली. मी उठून गॅलरीत गेलो. तिचा हात चांगला होता हे तिला कळलं, तेव्हा तो म्हातारा झाला होता. याला काय उपाय आहे ते मला अजून सुचलेलं नाही, आणि लिहून तो सापडेल असंही वाटत नाही.

लग्नाच्या दिवशी लॉनवरच्या नवरीच्या खोलीत मेकअपवाली मुलगी चाकाची मोठी पेटी घेऊन आली. माझी बायको तिच्या शेजारी खुर्ची घेऊन बसली. मुलीनं पेटी उघडली आणि हिनं हात पुढं केला.

"हे कधी फोडलं?"

"आजी, ब्रँडेड आहे ते."

"ब्रँडचं नाही विचारलं. कधी फोडलं?"

"दिवाळीत... असेल."

"असेल? आण इकडं." झाकण उघडून वास घेतला. "हे ठीक आहे. हे बाजूले ठेव. ही मस्काराची कांडी काढताना चटचट आवाज करून राहिली, हे डोळ्याले नाही लावायचं. किती नवऱ्या केल्या याच्यानं? आणि स्पंज कशानं धुते तू?"

मुलगी आधी चिडली, मग हळूहळू तिचं तोंड बदललं. थोड्या वेळानं तीच एकेक ट्यूब हिच्या हातात देऊन विचारायला लागली, आजी, हे चालेल काय. दोन वस्तू चालणार नाहीत असं ठरलं आणि मला जवळच्या दुकानात पिटाळलं गेलं. सील असलेलंच आणा, दुकानदाराला उघडून दाखवू देऊ नका, असं तीनतीनदा बजावून. मी आणून दिलं. बायकोनं सील तपासलं, मुलीच्या हातात दिलं, आणि नातीचे डोळे होईपर्यंत खुर्चीवरून हलली नाही. मध्येच म्हणायची, "हळू. बाहेरून आत नाही, आतून बाहेर. हां, तसं."

भिवापूरची आली होती. दोघी कोपऱ्यात बसून पुष्कळ बोलल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही, मी जवळ गेलो की थांबत.

नवरी तयार झाली तेव्हा जुन्या मोहल्ल्यातल्या बायका बघायला खोलीत शिरल्या. खोली भरून गेली, काही दारात उभ्या राहिल्या. नात सुंदर दिसत होती, आणि स्वतःसारखीच. त्यातल्या एका म्हाताऱ्या शेजारणीनं माझ्या बायकोच्या पाठीवरून हात फिरवला आणि अगदी मायेनं म्हणाली, "बरं केलं वं, तू हात नाही लावला. नातीचं लग्न, कायले जोखीम घ्यायची."

तिनं टोमणा मारला नव्हता. तिला ते खरंच वाटत होतं, म्हणूनच ते ऐकवत नव्हतं.

माझी बायको म्हणाली, "हात थरथरते म्हणून नाही लावला, बाई. गुण नाही म्हणून नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते यांले विचारा." तिनं माझ्याकडं बोट केलं.

मी भिंतीशी अत्तरदाणी धरून उभा होतो. सगळ्या माना वळल्या. त्यातल्या कित्येकींना मी लहानपणापासून ओळखत होतो, कोणाच्या सासूला काकी म्हणत होतो. नात आरशातून माझ्याकडं बघत होती. मुलगी दारात थांबली, तिच्या हातात हार होते. मी पार्लरच्या खोलीपासून सुरुवात केली, मग वाटलं तिथून नको, आणि सरळ बाटलीवर आलो. आवाज निघत नव्हता.

"मोठ्यानं सांगा," बायको म्हणाली. "मागं ऐकू येऊन नाही राहिलं."